तक्रार आहे? आधी माहितीपुस्तिका काढा

विद्यापीठाबद्दल एकही तक्रार नसलेला विद्यार्थी शोधून सापडायचा नाही. त्यातून ते विद्यापीठ मुळशी तालुक्यात असेल तर तक्रारींना आणखी चार फाटे फुटतात. चांदणी चौक ओलांडून भूगाव-पिरंगुटच्या दिशेनं निघा किंवा सूसकडून नांदे-लवळ्याला वळा, भाताच्या खाचरांच्या वरच्या अंगाला मोठमोठी शैक्षणिक संकुलं दिसू लागतात. लवळ्याच्या टेकडीवर सिंबायोसिस आंतरराष्ट्रीय अभिमत विद्यापीठ आहे, लवळ्यातच फ्लेम विद्यापीठ आहे, हिंजवडीत सिंबायोसिसच्या व्यवस्थापन संस्था आहेत आणि पार आत लवासात बंगळुरूच्या ख्राइस्ट अभिमत विद्यापीठाचा परिसर आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयं आहेत ती वेगळीच. इथं देशभरातून मुलं येतात. त्यात मराठी घरांतली मुलंही पुष्कळ, आणि त्यांतल्या बऱ्याच आईवडिलांनी शैक्षणिक कर्जाचे हप्ते डोक्यावर घेऊन त्यांना पाठवलेलं असतं.

ही मुलं काय सांगतात? मेसमधल्या पोळ्या कच्च्या असतात. वायफाय रात्री चालत नाही. आउटपाससाठी वॉर्डनच्या मागे फिरावं लागतं. अटेंडन्स कमी म्हणून परीक्षेला बसू देत नाहीत. फी दरवर्षी वाढते. ब्रोशरमध्ये ज्यांचे फोटो होते ते प्राध्यापक वर्गात येतच नाहीत. प्लेसमेंटचा आकडा सगळ्यांचा म्हणून सांगितला, तो निघाला चौघांचा. होस्टेल सोडून सहा महिने झाले तरी डिपॉझिट परत नाही. ही कुठल्या एका संस्थेची यादी नव्हे. जिथं होस्टेल आणि मेस आहे तिथं थोड्याफार फरकानं हेच ऐकू येतं.

यातल्या बऱ्याच तक्रारी खऱ्या असतात. त्या सुटत नाहीत, कारण त्या व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवरच राहतात. रात्री दोनशे मेसेज पडतात आणि आठवड्यानं परीक्षेचं वेळापत्रक लागलं की विषय मागे पडतो. विद्यार्थ्याच्या तक्रारीसाठी देशात आता बऱ्यापैकी स्पष्ट नियम आहेत, मुदती आहेत, अपील आहे. ते वापरायचे असतील तर एक गोष्ट आधी लागते: संस्थेनं तुम्हाला लिहून काय दिलं होतं, ते तुमच्या हातात असलं पाहिजे. या लेखात मुख्यतः तेच सांगायचं आहे.

त्याआधी एक निवड करून घ्या. कोणती तक्रार विद्यापीठाची आणि कोणती गावाची? मुळशीत पाऊस प्रचंड पडतो. पिरंगुट-भूगावच्या रस्त्यावर संध्याकाळी वाहनं तासन्‌तास अडकतात. पीएमपीच्या बसेस डोंगरावरच्या प्रत्येक संकुलापर्यंत जात नाहीत. ही गैरसोय खरीच, पण रस्ता विद्यापीठाच्या ताब्यात नाही. त्यासाठी सार्वजनिक बांधकाम विभाग, पीएमआरडीए, ग्रामपंचायत आणि पीएमपी यांच्याकडेच जावं लागतं. लवासाचं तर आणखी वेगळं आहे. ते नगरच उभारणाऱ्या लवासा कॉर्पोरेशनची दिवाळखोरीची प्रक्रिया ऑगस्ट २०१८ मध्ये सुरू झाली. त्यामुळे जाहिरातीत रंगवलेलं शहर आणि प्रत्यक्षातलं शहर यांत जे अंतर पडलं, त्याला तिथली शिक्षणसंस्था जबाबदार नाही. जुलै २०२४ मध्ये लवासात दरड कोसळून बंगले गाडले गेले. अशा ठिकाणी मुलाला पाठवताना पावसाळ्यात रस्ता बंद झाला तर काय करता, रुग्णवाहिका परिसरात उभी असते का, जवळचं चोवीस तास चालणारं रुग्णालय किती किलोमीटरवर आहे, हे प्रश्न पालकांनी प्रवेश घेण्याआधी विचारावेत आणि उत्तर ईमेलवर मागून घ्यावं.

मात्र गावाची वाटणारी तक्रार विद्यापीठाची कधी होते, तेही ओळखायला हवं. बस नसणं ही गावाची अडचण. पण 'आमची बस आहे' असं छापून वाहतूक शुल्क घेतलं आणि बस सोडली नाही, तर ती सरळसरळ संस्थेची चूक. रुग्णालय लांब असणं ही भूगोलाची गोष्ट. पण परिसरात डॉक्टर असल्याचं लिहिलं आहे आणि खोलीला कुलूप आहे, तर तो तुमच्या तक्रारीचा विषय. नेमकं इथंच छापील शब्दाचं मोल कळतं.

दुसरी गोष्ट पालकांनी नीट समजून घ्यावी, कारण तिच्यामुळे बरेच गैरसमज होतात. बाहेरून सगळ्याच संस्था सारख्या दिसतात, पण कायद्याच्या नजरेत त्यांचे तीन प्रकार आहेत. सिंबायोसिस आणि ख्राइस्ट ही अभिमत विद्यापीठं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातल्या कलम ३ नुसार केंद्र सरकार हा दर्जा देतं. फ्लेम हे राज्याच्या स्वतंत्र कायद्यानं स्थापन झालेलं खासगी विद्यापीठ. आणि तिसरी, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयं. त्यांची परीक्षा, पदवी आणि अभ्यासक्रम पुणे विद्यापीठाचा असतो. संलग्न विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयाचं शुल्क राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण मंजूर करतं आणि मंजूर आकडा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येतो. त्यापेक्षा एक रुपया जास्त मागितला तरी तुम्हाला दाद मागता येते. अभिमत आणि खासगी विद्यापीठांच्या फीला हा हिशेब लागू करायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

याचंच एक उदाहरण. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असावं आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा. 'आमच्या मुलीला ही माफी का नाही?' हा प्रश्न मुळशीतल्या पालकांच्या तोंडून ऐकू येतो. उत्तर त्याच निर्णयात आहे: खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळली आहेत. हे धोरण योग्य की अयोग्य यावर वाद घालायला भरपूर जागा आहे, आणि माझ्या मते तो घातलाही पाहिजे. पण तो सरकारशी. विद्यापीठाच्या लेखा विभागाच्या खिडकीवर भांडून ही माफी मिळणार नाही. म्हणून प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी संस्था या तिघांपैकी कोणत्या प्रकारची आहे, हे लेखी विचारून घ्या.

आता मुख्य मुद्दा. ११ एप्रिल २०२३ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगानं विद्यार्थ्यांच्या तक्रार निवारणासाठी नवे विनियम अधिसूचित केले. ते अभिमत, खासगी आणि सरकारी विद्यापीठांना, तसंच त्यांच्या महाविद्यालयांना लागू आहेत. त्यातला सर्वांत उपयोगी भाग, विशेष म्हणजे, तक्रारीबद्दलचा नाही. तो माहितीपुस्तिकेबद्दलचा आहे. प्रवेश सुरू होण्याच्या किमान साठ दिवस आधी संस्थेनं माहितीपुस्तिका संकेतस्थळावर टाकली पाहिजे असं त्यात म्हटलं आहे. तीत काय असावं तेही दिलं आहे: जागा किती, पात्रता काय, निवड कशी होणार, फीचा प्रत्येक घटक किती, प्रवेश सोडला तर किती परत मिळणार, दंड कशाकशासाठी, अध्यापक कोण आणि त्यांची पात्रता काय, होस्टेल, ग्रंथालय, प्रयोगशाळा, इतर सोयी कोणत्या. आणि पुढं तक्रारीच्या व्याख्येत साफ लिहिलं आहे की माहितीपुस्तिकेत खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती देणं, सांगितलेल्या सोयी न पुरवणं, छापलेल्या फीपेक्षा जास्त पैसे मागणं, कबूल केलेल्या दर्जाचं शिक्षण न देणं, या सगळ्या तक्रारी होत.

म्हणजे माहितीपुस्तिका हा संस्थेनं तुम्हाला लिहून दिलेला शब्द आहे. तरीही प्रवेश झाला की ती फाइल कोणाच्याच फोनमध्ये उरत नाही. दुसऱ्या वर्षी संकेतस्थळावर नव्या वर्षाची पुस्तिका चढते, जुनी गायब होते, आणि मुलगा सांगत राहतो, 'असं लिहिलं होतं हो, मी वाचलं होतं.' प्रवेश घेतला त्याच दिवशी त्या वर्षाची पुस्तिका पीडीएफ म्हणून उतरवा आणि स्वतःच्याच ईमेलवर पाठवून ठेवा, म्हणजे तारीख आपोआप पडते. होस्टेल, मेस, वाहतूक, प्लेसमेंट यांच्या पानांचे स्क्रीनशॉट काढा, वर पत्ता आणि खाली तारीख दिसेल असे. समुपदेशक म्हणून फोनवर बोलणारा माणूस जे तोंडी सांगतो त्यावर विसंबू नका. फोन ठेवल्यावर लगेच त्याला एक ओळ लिहा: 'आपण आत्ता सांगितल्याप्रमाणे होस्टेलच्या फीमध्ये मेसचा समावेश आहे, कृपया खात्री द्यावी.' उत्तर आलं तर पुरावा झाला. आलं नाही तर सावध व्हायला तेवढं कारण पुरेसं आहे.

प्लेसमेंटच्या आकड्यांची शहानिशा करायला आणखी एक जागा आहे, आणि ती फार थोडे पालक पाहतात. जी संस्था राष्ट्रीय क्रमवारीत, म्हणजे एनआयआरएफमध्ये, भाग घेते तिला आपली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावरही ठेवावी लागते. त्यात किती विद्यार्थी पदवीधर झाले, किती जणांना नोकरी लागली आणि मध्यक (मीडियन) पगार किती, हे आकडे असतात. अध्यापकांची नावानिशी यादीही असते. जाहिरातीतला 'सर्वोच्च पॅकेज'चा आकडा आणि हा मध्यक पगार शेजारी ठेवून पाहा. संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅककडे संस्थेनं दिलेला स्वयंअभ्यास अहवालही असाच उघड असतो.

आता तक्रार लिहायची कशी ते पाहू. समजा, माहितीपुस्तिकेत रविवारी चांदणी चौकापर्यंत तीन फेऱ्या छापल्या आहेत आणि पूर्ण महिना बस सुटलेलीच नाही. ग्रुपवर साधारण असं लिहिलं जातं: 'बस कधीच नसते, आम्हाला कोंडून ठेवलंय, मॅनेजमेंटला फक्त पैसे हवेत.' भावना समजते. पण हे वाचून अधिकाऱ्याला करण्यासारखं काही सापडत नाही, आणि 'कधीच नसते' हे खोटं ठरवायला त्याला एका दिवसाची नोंद पुरते. तेच असं लिहा:

'विषय: रविवारची बससेवा बंद असल्याबाबत. २०२५-२६ च्या माहितीपुस्तिकेत पान ३४ वर रविवारी तीन फेऱ्या असल्याचं नमूद आहे. वाहतूक शुल्कापोटी मी १२,००० रुपये भरले आहेत, पावती सोबत जोडली आहे. ६, १३, २० आणि २७ जुलै या चार रविवारी एकही फेरी झाली नाही. याबाबत १४ जुलै रोजी वॉर्डनना ईमेल केला, उत्तर मिळालं नाही, ईमेलची प्रत सोबत आहे. फेऱ्या तातडीनं सुरू कराव्यात आणि बंद काळातलं शुल्क परत करावं किंवा पुढच्या सत्रात वळतं करावं, ही विनंती.'

यात एकही कडक शब्द नाही. तरी पान, पावती, तारखा, आधी कोणाला सांगितलं आणि आता काय हवं, हे सगळं आलं आहे. शेवटचं फार महत्त्वाचं. 'न्याय मिळावा' असं लिहिलं की समितीला काय द्यायचं तेच कळत नाही. हवं ते नेमकं मागा: शुल्क परत, बदली परीक्षा, खोली बदल, दाखला, माफी. एका अर्जात एकच विषय ठेवा. मेस, वायफाय, अटेंडन्स आणि वॉर्डनचा स्वभाव एकाच पत्रात कोंबला तर संस्था त्यातल्या सोप्या मुद्द्याला उत्तर देते आणि फाइल बंद करते.

मेसची तक्रार असेल तर आणखी एक करा. मेस चालवणाऱ्याकडे एफएसएसएआयचा परवाना असतो, त्यावर चौदा अंकी क्रमांक असतो आणि तो दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. भिंतीवर तो शोधा, फोटो घ्या. नसेल तर तीच तक्रारीची पहिली ओळ. जेवणात अळी, बुरशी, खराब तेल असं काही असेल तर ताटाचा फोटो तारीख-वेळेसह ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडेही कळवा. पोट बिघडून एकाच वेळी बरीच मुलं आजारी पडली तर डॉक्टरांची चिठ्ठी प्रत्येकानं जपून ठेवायची. मात्र 'चव नाही' ही तक्रार अन्नसुरक्षेच्या अर्जात मिसळू नका. तिच्यासाठी मेस समिती असते, आणि नसेल तर ती स्थापन करायची मागणी करा.

अर्ज द्यायचा कुठं? प्रत्येक संस्थेनं तक्रारीसाठी ऑनलाइन पोर्टल उघडलं पाहिजे असा नियम आहे. विभागप्रमुखांना भेटून बोला, त्यात काही गैर नाही. साध्या गोष्टी तिथंच सुटतात. पण दोन आठवड्यांत काही हललं नाही तर पोर्टलवर अर्ज नोंदवा आणि आलेला क्रमांक जपा. पोर्टलवर आलेली तक्रार संस्थेनं आपल्या म्हणण्यासह पंधरा दिवसांत विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे पाठवायची असते. या समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य हे प्राध्यापक किंवा ज्येष्ठ अध्यापक असतात, एक विद्यार्थी प्रतिनिधी विशेष निमंत्रित असतो. किमान एक महिला आणि किमान एक जण अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागास वर्गातला असणं आवश्यक आहे. समिती सुनावणीची तारीख कळवते, तुम्ही स्वतः जाऊ शकता किंवा आपल्या वतीनं कोणाला पाठवू शकता. अहवाल शक्यतो पंधरा कामकाजाच्या दिवसांत द्यायचा आणि त्याची प्रत तुम्हालाही मिळायला हवी.

संस्थेचेच प्राध्यापक समितीत, मग न्याय कसला, असा प्रश्न मुलं हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच वर लोकपाल आहे. इंग्रजी कागदांत तो 'ओम्बड्सपर्सन' या नावानं सापडेल. निवृत्त कुलगुरू, विभागप्रमुख किंवा अधिष्ठाता म्हणून काम केलेले निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश यांतून त्याची नेमणूक होते. समितीचा निर्णय मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत लोकपालाकडे अपील करावं लागतं, आणि अपिलाचा निकाल त्यानं तीस दिवसांत लावायचा असतो. पंधरा दिवसांची ही मुदत परीक्षा किंवा सुट्टीत निघून गेल्यानं चांगल्या तक्रारी वाया जातात. निर्णयाचा ईमेल आला त्या दिवशीच कॅलेंडरवर खूण करा.

लोकपालाची शिफारस संस्थेनं पाळली नाही तर आयोग अनुदानाची पात्रता काढू शकतो, संस्थेकडे तक्रार निवारणाची किमान व्यवस्था नाही असं जाहीर करू शकतो, अभिमत विद्यापीठाचा दर्जा काढण्याची शिफारस केंद्राला आणि राज्याच्या कायद्यानं आलेल्या विद्यापीठाबाबत कारवाईची शिफारस राज्य सरकारला करू शकतो. कागदावर ही ताकद मोठी आहे. प्रत्यक्षात अंमल ढिला होता, हेही सांगितलं पाहिजे: लोकपाल न नेमलेल्या १५७ विद्यापीठांची नावं आयोगाला जून २०२४ मध्ये जाहीर करावी लागली. त्यांत १०८ सरकारी होती, ४७ खासगी आणि २ अभिमत. संस्थेत दाद लागत नसेल तर आयोगाचं 'ई-समाधान' पोर्टल आहे, तिथं आधीच्या अर्जाच्या क्रमांकासह तक्रार टाका.

काही गोष्टी मात्र या शिडीनं चढवायच्याच नाहीत. रॅगिंग झालं तर वॉर्डनच्या सोयीची वाट पाहू नका. १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय क्रमांक चोवीस तास चालतो आणि नाव न सांगताही तक्रार घेतो. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यानं रॅगिंगला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखानं सात दिवसांत चौकशी केली पाहिजे, आणि त्यानं दुर्लक्ष केलं तर तोही कायद्याच्या कचाट्यात सापडतो. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, लेखी. ही समिती तक्रार निवारण समितीहून वेगळी असते. विद्यार्थ्यांचा विषय असेल तर तिच्यात विद्यार्थ्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी असावेत असा आयोगाचा २०१५ चा विनियम आहे. जातीवरून अपमान किंवा भेदभाव झाला तर समान संधी कक्षाकडे, आणि गुन्हा घडला असेल तर थेट पोलिसांत. 'संस्थेच्या नावाला बट्टा लागेल, आपसात मिटवू' असं कोणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. आणि डोंगरावरच्या होस्टेलमध्ये, घरापासून लांब, सहाव्या सत्रात एखादं मूल आतून पार खचलेलं असतं. त्याला अर्ज लिहायला सांगू नका. त्याच्याजवळ बसा, १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, घरी कळवा.

गुणांबद्दलच्या तक्रारीत अपेक्षा आधीच बेताच्या ठेवा. 'मला कमी मार्क दिले' एवढ्यावर लोकपाल पुनर्मूल्यांकनाचा अर्ज घेत नाही. मूल्यमापनात ठरावीक अनियमितता झाली आणि तिचा निकालावर परिणाम झाला, किंवा भेदभाव झाला, हे दाखवावं लागतं. म्हणून अंतर्गत गुणांची विभागणी सत्राच्या सुरुवातीलाच लेखी मागा: प्रकल्पाला किती, हजेरीला किती, सादरीकरणाला किती. सरकारी विद्यापीठाकडून आपली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात मागता येते. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच तसा निकाल दिला आहे. खासगी विद्यापीठ माहिती अधिकाराखाली थेट येईलच असं नाही. पण त्याच्याबद्दल आयोगाकडे किंवा राज्याच्या उच्च शिक्षण विभागाकडे असलेली कागदपत्रं तिथून मागता येतात.

पैसे परत मिळण्याचा विषय सर्वांत जास्त घरांना भिडतो. जूनमध्ये इथं प्रवेश घेतला, ऑगस्टमध्ये दुसरीकडे नंबर लागला, आणि भरलेले लाखभर रुपये अडकले, ही गोष्ट दरवर्षी घडते. आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेत हिशेब दिला आहे. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या पंधरा किंवा अधिक दिवस आधी प्रवेश सोडला तर पूर्ण फी परत. त्यातून प्रक्रिया शुल्क म्हणून जास्तीत जास्त पाच टक्के, तेही पाच हजारांच्या वर नाही, कापता येतं. पंधरा दिवसांहून कमी राहिले असताना सोडला तर ९० टक्के. तारीख उलटल्यावर पंधरा दिवसांत ८० टक्के, तीस दिवसांपर्यंत ५० टक्के, त्यानंतर काही नाही. अनामत रक्कम मात्र पूर्ण परत करायची असते. लेखी अर्ज मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे द्यावेत असंही त्यात आहे. शिवाय आयोग एखाद्या वर्षी याहून उदार मुदत देतो. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर हजार रुपये कपात, असं सांगितलं होतं. तेव्हा आपल्या वर्षाचं परिपत्रक आधी वाचा. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेचा अभ्यासक्रम असेल तर तिचेही स्वतःचे नियम आहेत.

मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला संस्थेनं पडताळून लगेच परत द्यायचे असतात. 'ओरिजिनल जमा करा, पैसे भरल्यावर मिळतील' हे चालत नाही. मूळ कागद अडकवून ठेवणं हीसुद्धा २०२३ च्या विनियमांत तक्रार म्हणून नोंदलेली आहे. संपूर्ण अभ्यासक्रमाची फी एकदम मागणंही अधिसूचनेत बसत नाही. एका वर्षाची किंवा सत्राची फी घेता येते. प्रवेश सोडतानाचा अर्ज फोनवर किंवा काउंटरवर तोंडी करू नका. ईमेल करा, कारण परताव्याची टक्केवारी त्या तारखेवर ठरते आणि एका दिवसाच्या फरकानं दहा ते पन्नास टक्के हातचे जाऊ शकतात.

राहिली भीती. 'तक्रार केली तर इंटर्नलमध्ये बघून घेतील.' ही भीती मी खोटी म्हणणार नाही. तिच्यावर दोन उपाय कामाला येतात. एक म्हणजे समूहानं तक्रार करणं. एकाच विषयावर वीस मुलांनी, प्रत्येकानं आपल्या नावानं आणि पीआरएन क्रमांकानं, वेगवेगळे अर्ज टाकले तर कोणा एकाला हेरता येत नाही आणि संस्थेला प्रत्येक अर्जाचं उत्तर द्यावं लागतं. दुसरं, तक्रारीमुळे त्रास दिला गेला तर तो छळही नवी तक्रार ठरतो. म्हणून तक्रारीच्या आधीचे आपले गुण, हजेरी आणि शिक्षकांचे अभिप्राय यांची नोंद काढून ठेवा. समाजमाध्यमांवर मात्र जपून. अनुभव लिहायला हरकत नाही, पण पुरावा नसताना व्यक्तीचं नाव घेऊन आरोप केला तर बदनामीचा दावा होऊ शकतो. मग संस्था मूळ मुद्दा सोडून तुमच्या पोस्टवरच बोलत बसते. खोटी तक्रार निघाली तर लोकपाल तक्रारदारावरही कारवाई सुचवू शकतो, हे लक्षात असू द्या.

पालकांसाठी एक वेगळं सांगणं. मुलगा वीस वर्षांचा आहे, तक्रार त्याची आहे, अर्जावर सही त्याचीच असू द्या. तुम्ही फी भरल्याच्या पावत्या, कर्जाची कागदपत्रं, ईमेल शोधून द्या, सुनावणीला त्याच्याबरोबर जा. ओळखीच्या पुढाऱ्याचा फोन लावून खोली बदलून मिळेलही, पण शेजारच्या खोलीतल्या पोराला तो फोन लावता येत नाही, आणि मेस जशी होती तशीच राहते.

आता एवढं करा. आपल्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जा आणि विद्यार्थी तक्रार निवारण समितीच्या सदस्यांची व लोकपालाची नावं शोधा. ती संकेतस्थळावर आणि माहितीपुस्तिकेत ठळकपणे देणं संस्थेवर बंधनकारक आहे. सापडली तर त्या पानाचा पत्ता वर्गाच्या ग्रुपवर टाका. सापडली नाहीत, तर तुमचा पहिला अर्ज त्याबद्दलच असू द्या.